झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी

मशीन हातात आलं, १९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. सोबत माहिती एवढीच, की "चालू केल्यावर पट्टे दिसतात, बाकी काही नाही." खालचे पाच स्क्रू काढले, वरचं झाकण अलगद उचललं. अलगद अशासाठी, की कीबोर्डच्या मेम्ब्रेनच्या (कळांखालच्या पातळ प्लास्टिक थराच्या) दोन पट्ट्या, एक पाच तारांची आणि एक आठ तारांची, बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्यांचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. तसंच निघालं. आठ तारांची पट्टी कनेक्टरच्या तोंडाशी कडकडली. तिचा प्रश्न नंतर.

बोर्ड इश्यू २, म्हणजे बोर्डाची दुसरी आवृत्ती. झेड-८० या प्रोसेसरच्या पाठीवर एक ट्रान्झिस्टर आडवा पडलाय, पाय थेट प्रोसेसरच्या पिनांना जोडलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी घरी बसून उद्योग केलाय. तसं नाही, इश्यू २ कारखान्यातूनच असा बाहेर पडायचा. काढायचा नाही. नोंद एवढ्यासाठी करतोय, की पूर्वी एका बोर्डावरून मी तो "साफ" करायला निघालो होतो.

अजून वीज दिलेली नाही. आधी अ‍ॅडॉप्टर पाहिला. स्पेक्ट्रमचा प्लग उलट्या पोलॅरिटीचा आहे: आतली पिन निगेटिव्ह, बाहेरचं कडं पॉझिटिव्ह. हल्लीचे बहुतेक नऊ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर बरोबर याच्या विरुद्ध असतात. सोबत आलेला योग्य पोलॅरिटीचा आहे, लोड नसताना साडेबारा व्होल्ट दाखवतो. जुन्या साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरचं हे असंच असतं, त्यात दोष नाही.

५ जानेवारी

वीज न देताच मीटर ओहमवर ठेवून तिन्ही पुरवठे मोजले. ४८के मध्ये खालची १६के रॅम म्हणजे आठ ४११६ चिपा, आयसी ६ ते आयसी १३; बाइटचा एकेक बिट एकेका चिपमध्ये, बिट ० आयसी ६ मध्ये, तिथून क्रमाने बिट ७ आयसी १३ मध्ये. या चिपांना एका व्होल्टेजवर भागत नाही: पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५, आणि १६ वर ग्राउंड.

५ व्होल्ट ते ग्राउंड: ठीक.
उणे ५ ते ग्राउंड: ठीक.
१२ व्होल्ट ते ग्राउंड: ८ ओहम.

वीज दिली नाही तेच बरं झालं. कॉइलचं वार्निश काळवंडलंय, पण तार तुटलेली नाही. शेजारचा टीआर ४ डायोड मोडवर तपासला. बेस-एमिटर दोन्ही बाजूंनी उघडा. मेला.

या मशीनमध्ये १२ आणि उणे ५ हे दोन्ही व्होल्टेज एकाच छोट्या ऑसिलेटरमधून तयार होतात: टीआर ४, टीआर ५ आणि ती कॉइल. १२ व्होल्टची लाइन शॉर्ट झाली की टीआर ४ वर भार येतो, तो जातो आणि ऑसिलेटर थांबतो. उणे ५ नाहीसं होतं. पण १२ ची लाइन पूर्ण मरत नाही. अ‍ॅडॉप्टरचे आठ-नऊ व्होल्ट कॉइल आणि डायोडमधून तिच्यावर पोचतच राहतात. ४११६ ला नेमकं हेच सोसत नाही, वरचं व्होल्टेज आहे आणि उणे ५ नाही. म्हणजे एक चिप शॉर्ट झाली, तिने ट्रान्झिस्टर नेला, आणि ट्रान्झिस्टर गेल्यावर लोकांनी "पुन्हा एकदा बघू" म्हणत जितक्या वेळा बटण दाबलं असेल तितका बाकीच्या चिपांना मार बसला. आता नुसता टीआर ४ बदलून चालू केलं असतं, तर नवाही त्याच वाटेने गेला असता.

७ जानेवारी

आठांपैकी शॉर्ट कोण? सगळ्यांची पिन ८ एकाच लाइनवर, त्यामुळे ओहममध्ये मोजून सगळीकडे ८ च येणार.

बेंच सप्लाय २ व्होल्टवर, करंटची मर्यादा पाव अँपियर, आणि १२ च्या लाइनला कॉइलच्या बाजूने जोडला. इतक्या कमी व्होल्टेजवर चिपांना धोका नाही. मीटर मिलिव्होल्टवर घेतला, काळी प्रोब सप्लाय जोडलाय तिथे आणि लाल प्रोब एकेका चिपच्या पिन ८ वर. करंट ज्या चिपकडे धावतो, तिथवर ट्रॅकवर थोडं थोडं व्होल्टेज पडत जातं. सगळ्यात जास्त पडलं आयसी ८ वर. पण तिच्या शेजारच्या चिपवरही आकडा तोच. दोघींपैकी एक.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकेक थेंब दोघींच्या पाठीवर पसरवला आणि बघत बसलो. शेजारची चिप ओलीच राहिली. आयसी ८ वर मधोमध एक कोरडा ठिपका पडला, पिनांच्या दिशेने पसरत गेला आणि पंधरा-वीस सेकंदांत सगळा थेंब उडाला. बोट लावल्यावरही जाणवण्याइतकी गरम.

मेलेली चिप अख्खी काढायचा हट्ट मी करत नाही. पाय निप्परने अंगालगत कापले, धड उचललं, मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्न लावून चिमट्याने ओढला. भोकं सोल्डर शोषणाऱ्या विकने साफ केली, सॉकेट बसवलं. १२ ते ग्राउंड आता काही किलो-ओहम.

टीआर ४ च्या जागी नवा झेडटीएक्स ६५०. टीआर ५ तपासात ठीक होता, तरी बदलला. याच भानगडीत तोही तापलेला असणार, आणि एवढ्यासाठी पुन्हा बोर्ड उघडायचा नाही. सगळे आडवे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही बदलले, एकावर तर पायाशी चिकट काळं काहीतरी होतं. आयसी ८ चं सॉकेट तूर्त रिकामं.

वीज दिली. ५.०४, १२.१, उणे ५.१. कॉइलचा बारीक चिर्र आवाज आला. तो आवाज आला की बरं वाटतं.

८ जानेवारी

मॉड्युलेटरमधली (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीतली) आतली जोडणी सोडवून कंपोझिट सिग्नल सरळ बाहेरच्या सॉकेटवर काढला. काही कापलेलं नाही, पुन्हा होतं तसं करता येईल.

आयसी ८ मध्ये चांगली ४११६ घालून चालू केलं. बॉर्डर पांढरी, आत काळ्यावर बारीक लाल उभ्या रेघा, आणि सगळी स्क्रीन डोळे मिचकावतेय. लाल-काळं, काळं-लाल.

बिघडलेल्या स्पेक्ट्रममध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. पडद्याची मेमरी याच खालच्या रॅममध्ये असते आणि युएलए (चित्र बनवणारी चिप) ती प्रोसेसरला न विचारता वाचतो. प्रोग्रॅम भरकटला तरी रॅममध्ये काय पडलंय ते समोर दिसतंच. चालू होताना रॉम, म्हणजे मशीनमधला कायमचा प्रोग्रॅम, सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरतो. २ म्हणजे फक्त बिट १ पेटलेला. आठ पिक्सेलच्या चौकटीत डावीकडचा पिक्सेल बिट ७ चा, म्हणून बिट १ ची रेघ डावीकडून सातवी. रंगाच्या बाइटमध्येही २ च, म्हणजे काळ्या कागदावर लाल शाई. निरोगी मशीनवर क्षणभर जे काळं-लाल दिसतं ते हेच.

भिंग घेऊन पडद्याला नाक लावलं. प्रत्येक चौकटीत एक नाही, दोन रेघा. सातवी आहे, आणि पहिलीसुद्धा. पहिली म्हणजे बिट ७. आणि रंगाच्या बाइटमध्ये बिट ७ म्हणजे फ्लॅश, दर १६ फ्रेमला शाई आणि कागदाची अदलाबदल. म्हणून मिचकावणं. रेघ आणि मिचकावणं, दोन्ही खुणा एकाच चिपकडे बोट दाखवतात: बिट ७ कायम १ वर अडकलेला, आयसी १३. मीटर लावायचीही गरज पडली नाही.

९ जानेवारी

आयसी १३ काढताना घाई केली. पिन ४ चा पाय सोल्डर पुरतं वितळायच्या आत ओढला आणि पॅड पायासोबत निघून आलं. पिन ४ म्हणजे रास (रो अ‍ॅड्रेस स्ट्रोब, रोचा पत्ता घ्यायची खूण), आठही चिपांना सामायिक, त्यामुळे शेजारच्या आयसी १२ च्या पिन ४ पासून बारीक तार ओढून जोडली. चालतंय, पण दिसतंय. मागच्या पानावर दुसऱ्यांच्या उद्योगांवर लिहिलंय, ते वाचून गप्प बसलो.

सॉकेट, नवी चिप, वीज. काळं, बारीक लाल रेघा, दीड-दोन सेकंद, मग पांढरा पडदा आणि खाली १९८२ ची कॉपीराइटची ओळ.

१४ जानेवारी

नवी मेम्ब्रेन आली. जुनीवर क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी या पाचच कळा मेल्या होत्या. कळांची मांडणी आठ गुणिले पाच अशी असते, तेव्हा ओळीतल्या सलग पाच कळा मेल्या की आठ तारांच्या पट्टीतली एक तार तुटलेली. क्यू, पी, ए, एंटर अशा विखुरलेल्या कळा गेल्या असत्या तर पाच तारांची पट्टी. इथे अंदाज बांधायचीही गरज नव्हती, चीर डोळ्यांनीच दिसत होती. अशा पट्टीचं टोक कापून पुन्हा खोचता येतं, मात्र पुढची चीर सेंटिमीटरभर अलीकडे वाट बघत असते.

कळा चालल्यावर पहिलं काम, मशीनने मोजलेल्या रॅमचा शेवटचा पत्ता विचारणं (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं): पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. उत्तर ६५५३५. म्हणजे ४८के पूर्ण. वरची ३२के नसती किंवा सुरुवातीलाच अडखळली असती तर ३२७६७ आलं असतं.

वहीत "झालं" असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. ते पान तसंच ठेवलंय.

१५ जानेवारी

झालं नाही.

या मशीनवर प्रोग्रॅम कॅसेट टेपच्या आवाजातून चढतात; टेपऐवजी फोनमधून ऑडिओ इअर सॉकेटला दिला, आवाज पूर्ण. छोटे प्रोग्रॅम व्यवस्थित चढतात आणि चालतात. एक मोठा गेम पाच मिनिटं घेऊन लोड झाला, मेनू आला, सुरू केल्यावर काही सेकंदांत रीसेट. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तिथेच.

संशय टेपच्या सिग्नलवर. केबल बदलली, आवाज कमी-जास्त केला, फाइल दुसरी घेतली. यात पूर्ण संध्याकाळ गेली.

१६ जानेवारी

कालची संध्याकाळ वाया गेली ती एका गैरसमजामुळे, तो इथे लिहून ठेवतो. मी धरून चाललो होतो की टेप लोडिंगची चूक आली नाही, म्हणजे मेमरीत माल बरोबर उतरला. रॉममधला लोड करायचा भाग पुन्हा वाचला. टेपवरून आलेला बाइट आधी रजिस्टरमध्ये तयार होतो. तिथून तो मेमरीत लिहिला जातो, आणि चेकसमसाठी (माल बरोबर आला का हे पडताळायच्या बेरजेसारख्या आकड्यासाठी) हिशोबात धरला जातो तोही त्याच रजिस्टरमधला. मेमरीत काय पोचलं ते परत वाचून कुणी बघतच नाही. टेप बरोबर ऐकू आली, एवढंच चेकसम सांगतं.

मग रॅम. पण ६५५३५ आलं होतं ना? तोही भाग वाचला, आणि हसू आलं.

रॉम प्रत्येक जागी २ भरतो. मग खालून वर जात प्रत्येक जागेतून दोनदा १ वजा करतो. पहिल्या वजाबाकीला शून्य आलं तर थांबतो, दुसऱ्या वजाबाकीला शून्य आलं तर पुढे जातो. म्हणजे प्रत्येक बाइटमध्ये २, १ आणि ० एवढेच आकडे येऊन जातात. बिट ० आणि बिट १ दोन्ही बाजूंनी तपासले जातात. बिट २ ते ७ मात्र या साऱ्या प्रकारात एकदाही १ होत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी १ वर अडकलेला असेल तर पकडला जातो, आयसी १३ तसाच सापडला असता. पण ० वर अडकलेला असेल तर? शून्य अपेक्षित होतं, शून्य मिळालं, पुढे चला.

रॉमला दोष देण्यात अर्थ नाही. मशीन १६के आहे की ४८के, हे मोजायला तो भाग आहे, आणि तेवढं काम तो चोख करतो. रॅमची तपासणी म्हणून त्याच्याकडे बघितलं ते मी.

१७ जानेवारी

बेसिकमध्ये स्वतःची तपासणी लिहिली. आधी क्लिअर ३२७६७, म्हणजे स्टॅक आणि बाकी सगळं खालच्या रॅममध्ये येतं आणि वरची ३२के मोकळी होते. हे न करता वर पोक करत (मेमरीत आकडे लिहीत) सुटलं तर आपणच मशीन पाडतो. मग ३२७६८ ते ६५५३५ सगळीकडे एकच आकडा भरायचा, पूर्ण भरून झाल्यावर दुसऱ्या फेरीत वाचायचा, जिथे वेगळा दिसेल तिथे पत्ता आणि वाचलेला आकडा छापायचा. लगोलग लिहून लगोलग वाचण्यापेक्षा हे बरं: दोन पत्ते एकाच जागी जात असतील, किंवा जागा थोड्या वेळाने विसरत असेल, तर तेही कळतं. स्पेक्ट्रमच्या बेसिकला याला दहा-बारा मिनिटं लागतात.

० भरून: सगळं बरोबर. अर्थातच.

२५५ भरून: बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर ओळी धावू लागल्या.

४१०८८ २२३
४१०८९ २२३
४१०९० २२३

शेवटची ओळ ४१२१५ ची. त्यापुढे पुन्हा शांत, शेवटपर्यंत.

२५५ वजा २२३ म्हणजे ३२, म्हणजे बिट ५. वरच्या रॅममध्ये आयसी १५ हा बिट ०, तिथून क्रमाने आयसी २२ हा बिट ७. बिट ५ चा मालक आयसी २०.

पत्ते एकूण १२८, सलग. या मशीनमध्ये पत्त्याचे खालचे सात बिट चिपला रो म्हणून जातात, कारण झेड-८० रिफ्रेशसाठी (चिपांनी साठवलेलं विसरू नये म्हणून) तेच सात बिट फिरवतो. बाकीचे बिट कॉलम. खालचे सात बदलतात, वरचे तेच राहतात आणि पूर्ण १२८ चा गठ्ठा जातो, म्हणजे चिपमधला एक कॉलम मेला. बाकी चिप धडधाकट. पत्त्याचे रो आणि कॉलम आळीपाळीने चिपांना देणाऱ्या मल्टिप्लेक्सरवर, आयसी २५ आणि २६ वर, संशय घ्यायचा तर आठही बिट बिघडायला हवे होते. इथे एकच बिट, म्हणून ते निर्दोष.

छोटे प्रोग्रॅम ४१०८८ पर्यंत पोचतच नव्हते. मोठ्या गेमचा कोड तिथे होता आणि त्यातल्या ज्या ज्या बाइटमध्ये बिट ५ हवा होता तो गळत होता. पत्त्यातला बिट गळालेला कॉल दुसरीकडेच उडी मारणार, रीसेट होणार, यात नवल नाही.

२० जानेवारी

आयसी २० बदलला. वरच्या रॅममध्ये ४५३२ प्रकारच्या चिपा असतात. या मुळात ६४के बिटच्या, पण त्यांचा एकच अर्धा भाग वापरायचा. कोणता अर्धा, ते बोर्डावरच्या एका लिंकने ठरतं, म्हणून आठही एकाच जातीच्या लागतात. नव्या जागी ४१६४ घातली. तिचे दोन्ही अर्धे चांगले, लिंक कुठेही असली तरी तिला फरक पडत नाही. पिनाही त्याच. या वेळी सोल्डर पुरतं वितळेपर्यंत थांबलो, सगळी पॅडं शाबूत.

२५५, १७० आणि ८५, तिन्ही आकडे फिरवले. अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला, एकही ओळ छापली गेली नाही.

गेम लोड केला. काही सेकंदांची ती जागा ओलांडून पुढे गेला, आणि खेळायची इतकी सवय मोडलीय की पहिल्याच राक्षसाने मारलं.

२१ जानेवारी

चार तास चालू ठेवलं. ७८०५ चं (५ व्होल्टच्या रेग्युलेटरचं) हीटसिंक बोट टिकणार नाही इतकं तापतं, पण त्याचं ते नेहमीचंच, ५.०२ वरून हललं नाही. हवं तर स्विचिंग रेग्युलेटर लावता येतो, मी मूळचाच ठेवला. बोर्डावरच्या दोन छोट्या पोटेन्शिओमीटरनी रंग जुळवले, पिवळ्यात हिरवट झाक होती ती गेली. इश्यू ३ मध्ये हे पोटेन्शिओमीटर नाहीत, तेवढं बोर्ड सुटसुटीत.

मूळच्या सहा ४११६ अजून जागेवर आहेत. उणे ५ शिवाय किती वेळ तापल्या कोण जाणे. बदलायचा विचार आला आणि सोडून दिला, चालणाऱ्या चिपा काढताना आणखी पॅडं उखडायची हौस नाही. दोन सुट्या ४११६ काळ्या फोममध्ये खोचून झाकणाच्या आत चिकटवल्या, सोबत कागदाचा तुकडा: कोणती चिप कोणत्या बिटची, आणि "आधी १२ ते ग्राउंड ओहम मोज."

पाचही स्क्रू बसले.